दावणीविना

नारीनला नोव्हेंबर. वीज दिवसातून दोनदा जाते.
सहकारी संस्थेच्या खोलीत एक शेगडी, एक लॅपटॉप, मी,
आणि बाकावर तेमिरकुल, टोपी गुडघ्यावर घालून.
त्याच्याकडे एकशे बारा घोडे
आणि कागद एकही नाही.

आधी मी रकाने आखले होते:
नाव, वय, रंग, उंची.
सरळ दावण, प्रत्येकाला खुंटा.
तो वाकून बघत म्हणाला,
"हिला मी वयानं ओळखत नाही.
पातळ बर्फ आला की ही आपणहून थांबते.
तो रकाना कुठंय?"

नव्हता.

मग दावणच सोडली.
पायथनमध्ये महिरपी कंस उघडला
आणि जे असेल ते, असेल तसं आत येऊ दिलं:
रंग कुम्मैत, डावा कान फाटका, लांडग्यानं, दोन हिवाळ्यांमागं.
पुढच्याला कानच नाही लिहिला, नुसतं
"धाकट्या मेहुण्याला पाडलं, बरं केलं."
कंस मिटला. इन्सर्ट.
बाकीचं रिकामं का, असं कुणी विचारलं नाही.

फाइंड म्हटलं तरी घोडे लगेच येत नाहीत.
येतो कर्सर,
फाटकाशी उभा राहिलेला पोऱ्या,
फॉरची फेरी मागेल तसा
एकेकाला आत सोडणारा.
हे मात्र त्याला पटलं.
"सगळे एकदम आले तर फाटक मोडतं."

घोळ मी अपडेटमध्ये घातला.
एका घोडीचं वजन तेवढं बदलायचं होतं,
सेटऐवजी रिप्लेस लिहून बसले.
वजन राहिलं: तीनशे चाळीस.
बाकी घोडी गेली.
नाव नाही, खूर नाही, बर्फाशी थांबणं नाही,
स्क्रीनवर उभा एकटा आकडा.
मी कबूल केलं. त्यानं पुन्हा सगळं सांगितलं,
या खेपेला थोडं वेगळं,
आणि खरं कुठलं ते मी विचारलं नाही.

काराकाश मेली त्या आठवड्यात
डिलीट लिहिताना मी कंस तीनदा तपासला.
रिकामा राहिला असता तर
एका एंटरसरशी अख्खं कुरण ओसाड.
नाही राहिला. एकच नोंद गेली.
डेटाबेस म्हणाला, एक.
मी म्हणाले, झालं.

"आणि शिंगरू?" तेमिरकुलनं विचारलं.
चोलपॉन, पाच महिन्यांची,
तिच्या नोंदीत 'आई'पुढे चोवीस अक्षरं.
त्या अक्षरांनी हाक मारून बघितली.
नन.
कुणी अडवलं नव्हतं मला.
नाती सांभाळणारा डेटाबेस ओरडला असता,
थांब, हिच्यावर कुणीतरी टेकलंय.
हा नाती मानत नाही. म्हणून तर निवडला होता.

मी सॉरी म्हणाले. तो शेगडीकडं बघत राहिला.
मग काहीतरी द्यायचं म्हणून मी त्याला
त्या चोवीस अक्षरांचं गुपित सांगितलं:
पहिली आठ म्हणजे वेळ.
आईची नोंद केली तो क्षण, सेकंदासकट,
लेकीच्या अंगावर अजून तसाच आहे.
उलगडून दाखवलं. सहा ऑक्टोबर, पाच वाजून बारा मिनिटं.
"पहाटे? खोटं."
ग्रिनिचचं घड्याळ, मी म्हणाले, आपले सहा तास मिळव.

अकरा बारा. त्यानं बोटांवर मोजलं.
"तेव्हा तू चहा दिला होतास. गार."
टोपी घातली, दारापर्यंत गेला,
कडीवर हात ठेवून परत वळला.
"ती अंगणात दाराकडं तोंड करून उभी होती.
हे तेव्हा सांगायचं राहिलं.
आता कुठं लिहिशील?"

मी कंस उघडला.
ओळखीच्या जागी तीच चोवीस अक्षरं घातली,
जुनी, हातानं, एकेक करून.
रंग लिहिला. 'आहे'चं 'होती' केलं.
दाराकडं तोंड, यापुढं
स्वल्पविराम दिला,
तेवढ्यात वीज गेली.
बॅटरी अठरा टक्के.
तो अजून दारातच होता.