टिंबाच्या अलीकडे

पॉइंटच्या अलीकडे शून्य लिहायचं,
पलीकडे नाही.
शून्य पॉइंट पाच. नुसतं पॉइंट पाच नाही.
आणि पाच म्हणजे पाच, पाच पॉइंट शून्य नाही.
टिंब पुसट उमटलं
तर माणूस दहापट औषध गिळतो.

सकाळपासून चौथ्यांदा लिहितेय.
भिंतीपलीकडे चिलकाकाचे चार माग,
खटाक् आणि खटाक् यांच्या मधल्या फटीत
एकेक डोस बसवते.
लाईट गेली की माग थांबतात
आणि मला काहीच आठवत नाही.

मायक्रोग्रॅम पूर्ण लिहा.
मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, वार लिहा.
वारांना काय तोटा सोलापुरात!
मंगळवार, बुधवार, शुक्रवार, सगळ्या पेठाच.
काल स्वप्नात माझा पेशंट
गोळी शोधत बुधवार पेठ पालथी घालत होता.

अम्मा दारात, मांडीवर सूप,
पान, तंबाखू, दोरा.
पंचवीसचा कट्टा ती मोजत नाही,
बोटं आपसूक थांबतात.
मधेच विचारते, तिन्नावा?
जेवले म्हणते मी. जेवलेली नसते.

सराव प्रश्न सहावा.
बाई, वय बावन्न. बीपी, धडधड, जुना दमा.
चिठ्ठीतली चूक शोधा.
प्रोप्रानोलॉलला लाल गोल केला,
सोपं होतं.
तेवढ्यात अम्मा खोकली,
आणि पेन तिथंच राहिलं.
बावन्न.

उठून फळीवरचा तिचा डबा काढला.
नावं बरोबर होती. डोस बरोबर.
दम्याला न चालणारं काही नव्हतं.
मेडिकलवाल्यानं पाकिटावर चित्रं काढलेली,
सूर्य, चंद्र,
आणि लघवीच्या गोळीवर अर्धा सूर्य.
अर्धी गोळी म्हणून अर्धा.

हा कधी घेतेस, अम्मा?
मावळताना, ती म्हणाली.
अर्धाच आहे की तो.

दोन महिने.
दोन महिने ती रात्रभर उठायची,
अंधारात कडी चाचपायची,
आणि आम्ही कूस बदलत म्हणायचो,
वय झालं तिचं.

चार वर्षं शिकतेय.
अर्धा सूर्य कुठल्याच पुस्तकात नव्हता.

तेलुगू बोलता येतं मला, लिहिता येत नाही.
तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही.
मग पाकिटावर त्या सूर्याशेजारी
सकाळच्या चहाचा कप काढला,
वर दोन वाफा.

सोमवारी परीक्षा.
नाव, वय, वजन, तारीख,
सहीशिवाय शून्य गुण.
कपाचे किती, माहीत नाही.

अम्मानं पाकीट उजेडाकडे धरलं,
कारखान्यातला चेकर
तिच्या विड्या धरतो तसं,
छाट काढायला.
नीट पाहिलं.
म्हणाली,
कपाला कान कुठंय?