उकिडवे

आडनाव माझं. कुमुदनं लग्नात घेतलं
आणि माझ्याहून जास्त झिजवलं.

लफबरो. ज्याच्या स्पेलिंगमधली निम्मी अक्षरं
कुणी उच्चारतच नाही,
ते गाव तिच्या नावाला अडखळलं.
मोज्यांच्या कारखान्यातल्या फोरमननं
पहिल्या दोन अक्षरांवरच हात टेकले :
मिसेस यू. के.
पुढे तेच छापलं पत्रकावर. शाईही वाचली.

पत्रकं मी टाकायचो. एका दाराच्या फटीत
कुत्र्यानं माझ्या तर्जनीचं टोक ठेवून घेतलं.
शेजारच्या दारात मिस्टर ग्रेटोरेक्स म्हणाले,
परत जा.
जाते, कुमुद म्हणाली, पण आधी
तुमचं तुंबलेलं गटार दाखवा.
आणि कोट आवरून बसली रस्त्यातच,
उकिडवी.
टॉर्च माझ्या हातात.
एकोणीस मतांनी आली.

मग कचऱ्याचे डबे, दिवे, बसथांबा दहा पावलं अलीकडे की पलीकडे.
शनिवारी लायब्ररीत, पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर
गावाची गाऱ्हाणी.
महापौर झाली त्या वर्षी साखळीत मंगळसूत्र अडकलं,
भर समारंभात. व्हिकरच्या बायकोनं
केसातला आकडा काढून सोडवलं.
कुठल्या वार्ताहरानं विचारलं, नावाचा अर्थ काय?
म्हणाली, टेकायला जागा नसली की
माणूस बसतो ना, तसं.

सत्त्याण्णव साली लंडनला गेली. मी टीव्हीवर बघायचो,
मंत्र्याच्या डाव्या खांद्यामागे तिचा अर्धा चेहरा.
हिरव्या बाकावरही पाठ टेकायची नाही.
"केव्हाही उठावं लागतं रे."

एका रात्री पक्षादेश आला, आणि आश्रितांचे पैसे कापणाऱ्या
कायद्याच्या बाजूनं ती चालत गेली.
दोनला फोन. बराच वेळ नुसता श्वास.
मग, "मागून येणाऱ्यांवर दार लोटलं मी."
मी काय बोलणार. म्हटलं, जेवलीस का?

शनिवारी लायब्ररीत ग्रेटोरेक्स आले, काठी टेकत.
शाबास, म्हणाले. आता तुम्ही आमच्यातल्या.
घरी आली. आमटी गरम केली,
बंद केली, पुन्हा गरम केली.
ताट वाढलंच नाही.

तेरा वर्षांनी पडली. तीन हजार एकशे चार.
पहाटे चारला मतमोजणीतून निघालो,
तिच्या कोटावर फीत तशीच.
गाडीपाशी रस्त्यात पाणी साचलेलं.
ती थांबली.
आता हे तुझं काम नाही, मी म्हटलं.

दोन्ही गुडघे वाजले. बसली.
न बघताच हात मागे केला, टॉर्चसाठी.
टॉर्च कुठली आणणार? मी मोबाइलचा उजेड धरला.
जाळीत पानं होती, एक मोजा,
आणि आमचंच एक पत्रक.

उठताना माझा हात धरावा लागला.
वेळ लागला तिला. मलाही.