तेलकट डागाची नोंद

रीगाहून निघताना गाडीत टाकले
पांढरे सुती हातमोजे, भिंग, फूटपट्टी
आणि कोरा तक्ता: क्रमांक, माध्यम, आकार, दोष, किंमत.
कुल्डिगाला पोचले तेव्हा व्हेंटा नदीवर धुकं होतं.
विटांचा पूल अर्धाच दिसत होता,
कुणी काढता काढता चहाला उठून गेल्यासारखा.

गुंटिस दारातच उभा. बाईंचा भाचा, एकुलता वारस.
"मावशीनं आयुष्यात काही फेकलं नाही," म्हणाला,
अभिमानानं की वैतागून, कळलं नाही.
बिस्किटांचे चार पत्र्याचे डबे,
एक बाळाला अंघोळ घालायचं घमेलं,
त्यांत ऑस्ट्रा क्रूमिन्या, काठोकाठ,
गंजल्या टाचण्यांसकट.

पाण्याला भिणारा त्यांचा बगळा
इथल्या निम्म्या पोरांच्या उशाशी झोपलाय:
गळ्यात लोकरी मफलर, एकाच पायात बूट.

मोजत गेले.
शाईची रेखाटनं सत्तावीस. जलरंग चौदा.
क्रमांक नऊ, बगळा पुलावर; कोपऱ्यात कपाचं गोल.
क्रमांक बारा, बगळ्याचा नुसता पाय,
अकरा वेळा खोडलेला,
बाराव्यांदा कसाबसा जमलेला.
छापील पुस्तकात किती सहज टेकलाय तो पाण्याला!
लहानपणी त्यावर बोट ठेवून मी झोपायचे.
हे कुठल्या रकान्यात घालायचं?
लिहिलं: सरावाचा कागद, कडा फाटक्या.

मग हस्तलिखित. शाळकरी वही, जांभळी पेन्सिल.
शेवटच्या पानावर एकच ओळ:
आणि बगळा परत आला नाही.
तिच्यावर आडवी रेघ, मग आणखी एक,
मग इतक्या जोरात की कागद फाटलाय.
समासात: मिर्द्झाच्या पोराला विचारायचं.

"शेजारीण," गुंटिस म्हणाला. "आहे अजून."

ती आली मासे साफ करता करता, तशीच,
काखेत वर्तमानपत्राची गुंडाळी.
आत एक चित्र, कुठल्याच यादीत नसलेलं:
बगळा गुडघाभर पाण्यात, मफलर भिजलेला, स्वारी खूश.
आणि मधोमध, सूर्याएवढा, तेलकट डाग.

"टालिस सहा वर्षांचा, तापानं फणफणलेला.
हिनं गोष्ट वाचून दाखवली.
शेवट ऐकला आणि भिंतीकडे तोंड करून पडला पोरगा.
दोन दिवस बोलला नाही हिच्याशी.
तिसऱ्या दिवशी आली धुरावलेला मासा घेऊन,
ह्या कागदात गुंडाळून.
म्हणाली, आधी कागद वाच, मग मासा खा."
"आणि टालिस आता?"
"डब्लिनला. ट्रक चालवतो.
पोहता येत नाही अजून गाढवाला."

"ह्याचे किती येतील?" गुंटिस.
भिंग काढलं. हाताची सवय.
डाग म्हणजे दोष, दोषाला तीस टक्के वजा,
हा आमच्या धंद्याचा नियम.
डाग कुणाचा ते सिद्ध झालं तर भाव दुप्पट,
हाही आमच्याच धंद्याचा.
दोन्ही डगरींवर हात ठेवून पोट भरतो आम्ही.

"एक पत्र लागेल," मी मिर्द्झाला म्हटलं,
"तुमच्या सहीचं. कागद घरात कसा आला ते."
"काय लिहू? आम्ही मासा खाल्ला?"
"हो. तेच."

तिनं चष्मा शोधला, माझंच पेन घेतलं,
दोन ओळी लिहिल्या, तारीख घातली, सही केली.
पत्र मला दिलं.
आणि चित्राची चौघडी करून
(माझ्या पोटात खड्डाच पडला)
ते एप्रनच्या खिशात सरकवलं.

तेव्हा पत्र आहे माझ्याकडे, चित्राविना.
बाजारात त्याला कवडी येणार नाही.
तरी तक्त्यात त्रेचाळिसावी ओळ ओढली,
दोषाच्या रकान्यात लिहिलं: मासा.
किमतीशी पेन बराच वेळ थांबलं.

निघताना तिनं हात मिळवला, ओलाच.
पूल ओलांडल्यावर आठवलं,
हातमोजे तिथेच राहिले घमेल्यात,
आणि स्टेअरिंगला वास येतोय,
ताज्या, आजच्याच माशांचा.