मागची चाकं

तळ्याच्या कडेला काचेसारखा पापुद्रा धरला
त्या सकाळी मी गाडी टाउनोकडे नेली.
एकोणनव्वदची व्होल्वो, मामाची.
मामा मे महिन्यात गेला. गाडी माझ्याकडे आली.
डिकीत मासे धरायचे दोन गळ, एक वही
आणि वाळूची दोन पोती.
पोती मी उन्हाळ्यातच रिकामी केली होती.
उगाच कशाला वागवायचं वजन?

टाउनो फार बोलत नाही.
केमियार्वीत कुणीच फार बोलत नाही, तो त्यातही कमी.
गाडीभोवती एक फेरी मारली,
मागचा बंपर तळहाताने दाबला, सोडला.
"पोती कुठायत?"
मी सांगितलं.
त्याने माझ्याकडे पाहिलं,
दुधावरची साय फेकून देणाऱ्याकडे पाहावं तसं.
"इंजिन पुढे. जोर मागे.
डोकं जड, पाय हलके.
अशा माणसाला तू बर्फावर उभं करशील?"

मग टेबलावर दोन टायर आडवे टाकले.
एकाला खिळे, मांजराच्या दातांएवढे.
दुसऱ्याला केसाएवढ्या चिरा, शेकडो,
आणि रबर इतकं मऊ
की नखाचा ठसा क्षणभर राहायचा.
"हा गप्प चालतो," चिरांच्या टायरवर बोट,
"बर्फ चिमटीत धरतो. खिळेवाला बडबड्या."
मला गप्प हवा होता. तसं म्हणाले.
"कुठे कुठे जातेस?"

सुलोला इन्सुलिन.
इम्पीच्या पायाची पट्टी, टेकडीवर.
पेल्कोसेन्निएमीपर्यंत, आठवड्यातून चारदा,
सकाळी अंधारात, परत येतानाही अंधारात.

"उणे तीसला बर्फ कोरडा असतो, घोंगडीसारखा.
तेव्हा कुठलाही टायर शहाणा.
घात होतो शून्याला,
बर्फावरून पाण्याचा हात फिरतो तेव्हा."
असं म्हणून खिळेवाला माझ्याकडे सरकवला.
एवढं सलग बोलल्यावर त्याला कॉफी लागली.

किंमत ऐकून मी वर पाहिलं.
चार आण्यांची कोंबडी, मसाला बारा आण्यांचा.
"मागचे दोनच घालू या?
जोर तर मागेच आहे."

तो कॉफी ढवळत राहिला. साखर घातली नव्हती.
"माझ्या भावाने घातले होते दोनच. उर्पोने.
निघाला झकास. चढ चढला झकास.
पुलाजवळ वळण आलं.
स्टिअरिंग वळलं, चाकंही वळली,
गाडी वळली नाही."

मी थांबले. गॅरेजात कंप्रेसर धापा टाकत होता.
शेवटी मीच विचारलं, आता उर्पो?
"रोवानिएमीत असतो. बसने फिरतो."

चार घातले.

जुने उतरवताना त्याने खाचांत मोजपट्टी घातली:
पुढे साडेपाच, मागे चार, उजवा मागचा त्याहून कमी.
मी वही उघडली. मामाच्या अक्षरात
प्रत्येक एप्रिलचे हेच आकडे,
खाली तारीख, कधी पाइक माशाचं वजन.
शेवटच्या पानावर: मागे चार.
अजून एक हिवाळा निघेल.

टाउनोने वाचलं. "नसता निघाला," म्हणाला,
आणि जरा वेळाने, "टायरचं म्हणतोय."

वाळू त्याच्याच अंगणातून भरली.
पोत्यांची तोंडं त्याने बांधली, मी धरली.
पैसे घेतले नाहीत, आणि त्याबद्दल बोललाही नाही.

नोव्हेंबरच्या नऊ तारखेला शून्य होतं.
इम्पीच्या चढावर अर्ध्यात
मागचा भाग डावीकडे निघाला,
मेजवानीतून कुणी न सांगता उठावं तसा.
ब्रेककडे गेलेला पाय मी हवेतच थांबवला.
ॲक्सिलेटर सोडला, स्टिअरिंग डावीकडेच वळवलं,
ज्या बाजूला ती चालली होती त्या बाजूला.
खिळे बडबडले, कुरकुर कुरकुर,
इतका गोड आवाज मी वर्षात ऐकला नव्हता.
पोती डिकीत एकदा हलली, बसली.

इम्पी खिडकीत होतीच.
दार उघडून, पाय पुढे करत म्हणाली,
"आज आडवी आलीस."