तिसऱ्या वर्तुळानंतर

म्हापशात, शिंप्याच्या दुकानावर, दोन खोल्या.
एका खाटेवर बंद पडलेल्या प्रसूतिगृहाचा नंबर होता अजून,
दुसरी लोटलीकरने स्वतः ठोकलेली.
ती इतकी करकरायची
की गिऱ्हाईक मान वर करून विचारायचं,
हे हाड माझं का?
शुक्रवारी खाली बाजार भरला
की सुक्या बांगड्यांचा वास जिना चढून यायचा,
आणि आम्ही गवती चहाचं तेल तापवून
त्याला परत पाठवायचो.

माझी विद्या म्हणजे डिचोलीच्या बाळंतिणी.
भिरंडेलाचा गोळा, कोमट खोबरेल, अंगठा.
पाठ स्वतःच सांगते कुठे थांबायचं ते,
एवढंच मला येत होतं.

लोटलीकरने कधी हाताला तेल लागू दिलं नाही.
तो टॉवेल मोजायचा.
धंदा वाढतोय हे आम्हांला टॉवेलांवरून कळलं:
गच्चीत आधी एक दोरी, मग चार,
मग दोऱ्याच गेल्या, थिवीला लाँड्री आली.
कळंगुट. पर्वरी.
मडगावात एकाच वर्षी दोन,
त्यांतली एक सांग्याच्या माणसाने घेतली,
खाण बंद पडल्यावर तीन ट्रक विकून.
तो स्पाला अजून स्पेअर म्हणतो.
रॉयल्टी मात्र पाच तारखेच्या आत भरतो.

मग पुण्याहून एक बाई आली स्टॉपवॉच घेऊन.
तीन दिवस माझ्या हातांशेजारी उभी राहिली,
न बोलता लिहीत.
चौऱ्याऐंशी पानं झाली.
भिरंडेल पान बारावर कोकम बटर होऊन बसलं,
दीडशे रुपये जादा.
आणि पान एकतीस:
‘अंगठ्याने तीन वर्तुळे. तिसऱ्यानंतर दोन सेकंद विराम.
पाहुण्याला खोल विश्रांतीचा अनुभव येतो.’

विराम कसला!
अंगठ्याच्या मुळात ठिणगी पडायची माझ्या,
ती विझेस्तोवर मी श्वास धरून थांबायचे.
सांगायला हवं होतं.
पण छापून आलं होतं ना आपलं काहीतरी,
गुळगुळीत कागदावर,
मी घरी नेऊन भावजयीला दाखवलं.

आता मी कुणाच्या अंगाला हात लावत नाही.
पणजीच्या डॉक्टरने अंगठा बंद केला.
लोटलीकरने मला खोटी पाहुणी केलं आहे:
दर महिन्याला नवी शाखा, नवं नाव,
पर्समध्ये घडी घातलेला फॉर्म.
परवा मोपाला गेले. एकोणिसावी.
काजूची टेकडी अर्धी कापून काढलेला रस्ता,
डोक्यावरून विमानं,
काचेच्या दारावर तोच पांढरा चाफा.
मी मिसेस केंकरे.
मुलगी आसामच्या चहामळ्याकडची,
छातीवर बिल्ला: लिली.
खरं नाव काय गो, विचारलं.
‘लिली, मॅडम.’ पान सहा.

पालथी पडले. भोकातून खाली
पितळी वाडग्यातलं एक फूल तेवढं दिसत होतं.
डाव्या खांद्याखाली तिचा अंगठा आला
आणि माझीच चाल माझ्या पाठीवर चालू लागली.
एक. दोन. तीन.
विराम.
मी मोजत होते, तेच तर माझं काम.
एक सेकंद, दोन,
तीन,
चार.

मी मान वळवली.
तिने हात पटकन टॉवेलखाली घेतला,
तरी मला दिसलं, मूळ सुजलेलं.
‘प्रेशर बरोबर आहे, मॅडम?’
वय विचारलं तर बावीस म्हणाली.
मला ते दुखणं चाळिशीत लागलं होतं,
आणि माझ्या दिवसाला चार पाठी होत्या.
हिला नऊ.

निघताना पर्समधलं भिरंडेल तिच्या मुठीत दिलं,
बाजारातलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.
तिने वास घेतला, म्हणाली,
हे आमच्याकडे महाग आहे, मॅडम.

गाडीत बसून फॉर्म भरला.
गणवेश, संगीत, वाडग्यातलं फूल.
विराम: बरोबर.
शेरा या रकान्यात बरंच लिहायचं होतं,
पान एकतीसबद्दल, नऊबद्दल.
तीन ओळी लिहिल्या.
पेन हल्ली माझ्या अंगठ्यात नीट बसत नाही,
अक्षर वाकडं जातं.
लोटलीकर म्हणतो, तुझ्या खुणा तेवढ्या वाचता येतात.