शहाण्णव तास

कर्वे रस्त्याच्या दुभाजकावरची कण्हेर.
पानं सावलीत वाळवली, मिक्सरमधून काढली,
अर्क दिसतो कोऱ्या चहासारखा.

चौथ्या टाकीतली खवली
रात्रभर वर येऊन हवा गिळत होती.
वहीत लिहिलं: हालचाल अस्वस्थ.
तिसऱ्या दिवशी नुसती वेळ लिहिली.

आता ती मेणात, पाच मायक्रॉनचे काप,
गुलाबी, जांभळे. कल्ल्यांच्या पाकळ्या
एकमेकींना चिकटलेल्या, यकृतात भोकं
वाळवी लागल्यासारखी.

टाक्या धुणारे बारकू हिलम
एक डोळा मिटून भिंगातून बघतात.
"मुळशीला डोहात आम्ही शेर ठेचून टाकायचो.
मासा गुंगायचा. घरी कालवण व्हायचं.
हिला कोण खाणार, म्याडम?"

मी काचेवर नंबर घालते.
साध्या पाण्यातल्या सहा अजून पोहतायत.
तुलनेला त्याही लागतील, उद्या.