कानस

खैरानी रोडच्या गाळ्यात पास्कू मेस्त्री
गिअर कोळशाच्या भुकटीत पुरतो,
पेटीच्या कडा चिकणमातीनं लिंपतो,
त्याची आई मसाल्याच्या बाटल्या मेणानं बुचायची तसा.
नऊशे तीस डिग्री. आठ तास.
लाईट गेली की मेहनत पाण्यात.

मग तेलात बुडी. चर्र, धूर,
आणि वरच्या एका मिलिमीटरला ताकीद:
झिजायचं नाही.
आतलं पोलाद मऊच.
"ते मऊ ठेवावं लागतं, पोरी."

मी डिप्लोमावाली, नवी.
एका मिलिमीटरनं काय होतंय, म्हणून
पेटी रविवारभर भट्टीतच राहू दिली.
सोमवारी काटा त्रेसष्टवर. मी खूश.

पंधरवड्यानं भिवंडीहून, मागवाल्याकडून पुडकं आलं.
आत तुटके दात,
मोडलेली जागा खडीसाखरेसारखी चमचमती.

पास्कू ओरडला नाही.
एक त्याचा गिअर, एक माझा,
माझ्यापुढे ठेवून म्हणाला, कानस मार.
दोन्हींवरून ती घसरली,
काचेवरून घसरावी तशी.
"आता ऐक."
ऐकलं. फरक शून्य.
"तुझा नुसता किंचाळतो," तो म्हणाला,
"माझ्याच्या खाली कुणीतरी आहे."

हे कुणी सांगावं? ज्याचा डावा कान
ब्लोअरनं कधीचाच नेलाय त्यानं.

तेव्हापासून काट्यावर आकडा घेतला तरी
मी प्रत्येक पेटीतल्या एका गिअरवर कानस मारते,
डोळे मिटून.
काल, तो चहाला गेला असताना,
एकदा वाटलं, खाली कुणीतरी खाकरलं.
परत मारली. पंखा बंद करून परत मारली.
मग शिपाई चलन मागायला आला.